अद्वैत कोणाचे?

मध्यंतरी आमच्या विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आम्हांला रंगेहाथ पकडले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून आम्ही तिघे विभागातल्या जुन्या संगणकापुढे बसलो होतो. फायरफॉक्सच्या वरच्या पट्टीचा करडा रंग लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपच्या करड्या रंगाशी जुळतो की नाही, यावर आमची गंभीर चर्चा चालली होती. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "काय हो, मॅचिंग सेंटर उघडलंय की काय?"

सगळे हसले. आमच्यातील एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मॅचिंग सेंटरमध्ये कधी गेला नाहीत म्हणून हसता. तिथे दुकानदार स्वतः कापड हातात देऊन सांगतो, बाहेर उजेडात जाऊन बघा. लाल साडीवर हिरवा ब्लाउज चालतो. लालावर जरासा चुकलेला लाल चालत नाही. डोळा तिथेच अडकतो."

हा लेख त्या हसण्याला दिलेले सविस्तर उत्तर आहे. न्याहाळकाचे (ब्राउझरला हा शब्द मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्या आमच्या पिढीच्या अंगवळणी पडला आहे, म्हणून तोच वापरतो) रूप आपल्या डेस्कटॉपशी जुळवून घेणे हा रिकामटेकडा उद्योग आहे, असे मानणारे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष आमच्याच व्यवसायबंधूंचा. त्यांच्या मते साहित्याच्या अध्यापकाने आशयाकडे पाहावे, पडद्याच्या कडांकडे नव्हे. दुसरा पक्ष अधिक बलवान आहे. तो सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांचा. त्यांच्या मते आम्ही वस्तू जशी दिली तशी वापरा, तिच्या रूपाचा निर्णय आमचा. हे दोन्ही पक्ष चुकतात, आणि दोघांची चूक मुळात एकच आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम वादाचा विषय नेमका कोणता ते पाहू. महाजालावरील पान आपण वाचतो तेव्हा पडद्यावर तीन वस्तू असतात. एक, ते पान. त्याचा कर्ता कोणी तिसराच असतो. दुसरी, त्या पानाभोवतीची चौकट : पत्ता लिहिण्याची जागा, मागे-पुढे जाण्याची बटणे, टॅबची पट्टी, मेनू. या चौकटीला संगणकाच्या धंद्यात 'क्रोम' म्हणतात. मोटारीच्या बंपरवर असतो तसला चकचकीत मुलामा, असा त्या शब्दाचा भाव. गूगलने २००८ साली आपल्या न्याहाळकाला हेच नाव दिले. पण शब्द त्याआधीचा आहे. तिसरी वस्तू म्हणजे या सर्वांना पोटात घेणारा डेस्कटॉप : खिडक्यांचे मथळे, बटणांचे आकार, अक्षरांचा टंक, रंगसंगती. आपला दिवस ज्या मेजावर जातो ते मेज. प्रश्न असा, की मधल्या चौकटीने कोणाशी नाते सांगावे? वाचणाऱ्याच्या मेजाशी, की ती घडवणाऱ्याच्या कारखान्याशी?

हा प्रश्न आम्ही उकरून काढलेला नाही. लिनक्सवरील डेस्कटॉपांचा जन्मच त्यातून झाला. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने केडीई प्रकल्पाची हाक दिली, तेव्हा त्याची मुख्य तक्रार हीच होती : युनिक्सवरचे कार्यक्रम एकमेकांसारखे दिसत नाहीत आणि एकमेकांसारखे वागत नाहीत. प्रत्येकाची बटणे निराळी, प्रत्येकाचा मेनू निराळा. सामान्य माणसाने ते शिकायचे कसे? पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९७ मध्ये, मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमची सुरुवात केली. दोन्ही प्रकल्पांत तात्त्विक भांडणे पुष्कळ झाली. पण एका मेजावरच्या वस्तूंनी एका घरातल्यासारखे वागावे, यावर दोघांचे एकमत होते. जुळवणे ही हौस आहे असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की शेकडो लोकांनी ही 'हौस' पुरी करण्यासाठी आयुष्याची वर्षे खर्ची घातली आहेत.

आणि आता मराठीच्या अध्यापकांनी कान टवकारावेत अशी गोष्ट. २०११ साली ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्या मूळ रूपाचे नाव ठेवण्यात आले 'अद्वैत'. होय, तेच अद्वैत. शंकराचार्यांपासून ज्ञानदेवांपर्यंत ज्या शब्दावर आपण वीस-वीस गुणांचे प्रश्न काढतो, तो शब्द आज जगभरच्या संगणकांवर बटणांच्या गोलाईला आणि पट्ट्यांच्या रंगाला दिलेला आहे. यावर हसावे की रागवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्हांला तो शब्द चपखल वाटतो. डेस्कटॉप आणि न्याहाळक दोन नसावेत, ही इच्छा त्यात आहे. फक्त आम्ही वर्गात विचारतो तोच उपप्रश्न येथेही विचारला पाहिजे. अद्वैत साधण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, दुसऱ्याला मिथ्या ठरवून एकटे उरायचे. दुसरी, दुसऱ्याला आपल्यात सामावून घ्यायचे. फायरफॉक्सचा इतिहास या दोन तऱ्हांमधून गेलेला आहे.

फायरफॉक्सची पहिली आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी आली. तिची चौकट अशा भाषेत लिहिलेली होती की जाणकाराला ती संपूर्ण उलगडता येई. लोकांनी तिच्यासाठी पूर्ण थीम रचल्या. बटणे, पट्ट्या, कोपरे, सारे बदलणाऱ्या. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली, तिने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. विंडोजच्या एक्सपीवर ती एक्सपीसारखी, व्हिस्टावर व्हिस्टासारखी, मॅकवर मॅकसारखी दिसू लागली, आणि लिनक्सवर वापरणाऱ्याने निवडलेल्या थीममधली चिन्हे व बटणे तिने आपली मानली. पाहुण्याने यजमानाच्या पंगतीला यजमानाच्या रीतीने बसावे, तसे ते होते. सामावून घेण्याचे अद्वैत म्हणतात ते हेच.

पुढे वारे फिरले. जानेवारी २०१० च्या ३.६ आवृत्तीत चौकटीवर चित्र पसरण्याची सोय अंगभूत झाली. सोय गोड होती. पण तिच्यात भिंतीला रंग देता येई, भिंत हलवता येत नसे. एप्रिल २०१४ मध्ये २९ व्या आवृत्तीने गोलाईदार टॅब आणले. ते सर्वत्र सारखे, मेज कोणाचेही असो. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी ५७ वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने व पूर्ण थीम यांचा एकदमच अस्त झाला. सप्टेंबर २०१९ च्या ६९ व्या आवृत्तीपासून वाचकाने स्वतः लिहिलेले शैलीपत्रक चौकटीला लावण्याची वाटही, आपण होऊन उघडल्याखेरीज, बंद ठेवण्यात आली. जून २०२१ मध्ये ८९ व्या आवृत्तीने पुन्हा नवे रूप आणले, तेही सर्वांसाठी एकच. दुसऱ्या बाजूला गूगल क्रोम पहिल्यापासून आपलेच रूप घेऊन आला. लिनक्सवर डेस्कटॉपचे रंग उचलण्याची एक सोय त्याने ठेवली आहे, हे मान्य. पण त्याच्या चौकटीची रचना वाचकाच्या हाती कधीच नव्हती.

या बदलांमागे कारणे नव्हती असे आम्ही म्हणत नाही. जुनी एक्स्टेन्शने न्याहाळकाच्या आतड्यांपर्यंत हात घालीत, त्यामुळे आतली कोणतीही गोष्ट बदलणे अवघड होऊन बसले होते. वेग आणि सुरक्षितता यांसाठी ती वाट बंद करणे भाग होते. शैलीपत्रकाची फाइल आहे की नाही हे प्रत्येक वेळी सुरू होताना तपासण्यात वेळ जातो, म्हणून ती तपासणी थांबवली, हेही खरे. कारणे वाजवी आहेत. परंतु वाजवी कारणांची एक माळ गुंफत गेले की तिच्या टोकाला काय लटकते, तेही पाहावे लागते. टोकाला लटकते ते असे, की दीड दशकापूर्वी जी गोष्ट नियम होती ती आज अपवाद झाली. पूर्वी न्याहाळक आपण होऊन यजमानाशी जुळवून घेई. आज यजमानाला खटपट करून त्याला आपल्यात घ्यावे लागते.

ती खटपट कशी करायची, हेही सांगून टाकतो. कारण वाद घालणाऱ्याने हात काळे केलेले असावेत. फायरफॉक्सच्या अंतर्गत नोंदींच्या पानावर, ज्याला 'अबाउट कॉन्फिग' म्हणतात, एक नोंद होकारार्थी करावी लागते. मग वापरणाऱ्याच्या प्रोफाइलच्या फोल्डरात 'क्रोम' नावाचा फोल्डर तयार करून त्यात 'यूजरक्रोम' नावाचे शैलीपत्रक ठेवायचे. त्यात लिहिलेले नियम चौकटीला लागू होतात : पट्टीची उंची, टॅबचा आकार, रंग, टंक. वेबपानांसाठी 'यूजरकंटेंट' नावाचे निराळे पत्रक असते. ज्यांना स्वतः लिहायचे नाही त्यांच्यासाठी 'फायरफॉक्स ग्नोम थीम' यांसारखे, हौशी मंडळींनी रचलेले आणि सर्वांना खुले असलेले तयार पत्रकांचे संच आहेत. आमचे पहिले पत्रक चालले नाही, कारण आम्ही एक महिरपी कंस बंद करायला विसरलो होतो. विरामचिन्हांवरून विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्यांना हे चांगलेच झोंबले.

पण त्या नोंदीच्या नावात एक शब्द आहे, त्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे. तो शब्द 'लेगसी'. इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ वारसा. पूर्वजांनी ठेवलेली, जपावी अशी ठेव. संगणकाच्या बोलीत मात्र 'लेगसी' म्हणजे जुने लोढणे. अजून काढून टाकले नाही इतकेच, पण कधीतरी काढायचे आहे असे. वाचकाने आपल्या हाताने केलेल्या मांडणीला त्या नोंदीत हे विशेषण चिकटले आहे. कोणीतरी मुद्दाम टोमणा मारला असे नव्हे. तांत्रिक नाव ठेवताना सहज आलेला शब्द असेल; पण सहज आलेल्या शब्दांतच मनोवृत्ती उघडी पडते, हे तर आपण शैलीविज्ञानाच्या पहिल्या तासाला शिकवतो. वाचकाचा हक्क हा वारसा आहे की लोढणे, हा या लेखाचा विषय एका शब्दात तेथे येऊन बसला आहे.

आता सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांचा पक्ष त्यांच्या सर्वांत समर्थ रूपात मांडू. मे २०१९ मध्ये ग्नोमसाठी कार्यक्रम लिहिणाऱ्या काही जणांनी एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. आमच्या कार्यक्रमांवर तुमच्या थीम चढवू नका, अशी विनंती त्यात होती. त्यांची बाजू थोडक्यात अशी : आम्ही प्रत्येक चिन्ह, प्रत्येक रंग विचारपूर्वक निवडतो. मधल्यामध्ये कोणी थीम बदलली की मजकूर दिसेनासा होतो, चिन्हाचा अर्थ पालटतो, आणि तक्रारी मात्र आमच्याकडे येतात. हे पत्र लिनक्सचे तयार संच वाटणाऱ्यांना उद्देशून होते. स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या जबाबदारीवर खटपट करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले होते. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण प्रतिपक्षाचे अर्धे म्हणणे दडपून वाद जिंकण्यात अर्थ नसतो.

मराठीच्या माणसाला हे पत्र वाचून एकनाथांची आठवण व्हावी. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि यापुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. संहितेचा सन्मान म्हणजे काय, याचा आमच्यापुढचा तो आदर्श. मग फायरफॉक्सच्या पट्टीत आपला रंग घालणारे आम्ही, नाथांनी बजावलेले प्रक्षेपकारच ठरलो की काय?

आमचे उत्तर असे. नाथांनी ओव्या राखल्या. पोथी कोणत्या रंगाच्या रुमालात बांधावी, कोणत्या पाटावर ठेवून वाचावी, समईच्या किती वातींच्या उजेडात वाचावी, हे त्यांनी सांगितले नाही. ते वाचणाऱ्याच्या घरावर सोडले. न्याहाळक हा ग्रंथ नाही. तो रुमाल आहे, पाट आहे, समई आहे. एखाद्याने चित्रे काढण्याचा किंवा संगीत लिहिण्याचा कार्यक्रम रचला आणि त्याचे रूप हीच माझी कृती असे म्हटले, तर त्यावर निदान चर्चा होऊ शकते. न्याहाळकाची गोष्ट निराळी. त्याच्यातून आपण दुसऱ्यांच्या कृती वाचतो. दुसऱ्याच्या कृतीकडे नेण्यासाठी जे आहे, त्याने स्वतःच्या कर्तेपणाचा आग्रह जितका कमी धरावा तितके बरे. आणि 'सर्व यंत्रांवर एकच रूप' या आग्रहामागे सौंदर्यदृष्टीच्या जोडीला दुकानाची पाटीही असते. चौकट ओळखू यावी, म्हणजे कंपनी ओळखू येईल. वाचकाला मात्र चौकट विसरता यायला हवी. बाईंनी सांगितलेली मॅचिंगची गोष्ट येथे लागू पडते : जवळजवळ जुळलेला रंग डोळ्याला सोडत नाही, जुळला, की डोळा त्याच्यावरून निघून आशयावर जातो. आशयाकडे पाहा असे सांगणाऱ्या आमच्या बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. आम्ही कडांकडे पाहतो ते पुन्हा त्यांच्याकडे पाहावे लागू नये म्हणून.

याहून मोठा आधार आम्हांला महाजालाच्या घटनेतच सापडतो. वेबपानाचे रूप ठरवणारी जी शैलीपत्रके आज सर्वत्र वापरली जातात, त्यांचा पहिला प्रस्ताव होकोन व्हियम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडला. तेव्हा ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत होते. त्या प्रस्तावातली कल्पना आजही थक्क करते. पानाच्या रूपावर लेखकाचा आणि वाचकाचा, दोघांचाही अधिकार मानून त्यांच्यात वाटाघाट घडवायची. कोणाच्या इच्छेचे वजन किती, हे चक्क टक्केवारीने लिहिण्याची सोय त्यात सुचवली होती. टक्केवारी पुढे गळली, तत्त्व राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये पहिले प्रमाणक आले. त्यात लेखक आणि वाचक दोघांनीही एखाद्या नियमावर 'महत्त्वाचे' असा शिक्का मारला, तर लेखकाची सरशी होई. मे १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणकाने हा क्रम जाणूनबुजून उलटवला : दोघांनीही शिक्का मारला तर वाचकाचा नियम वरचढ. ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याला मोठे अक्षर किंवा वेगळा रंग हवाच आहे, त्याच्या गरजेपुढे लेखकाच्या आवडीने माघार घ्यावी, ही त्यामागची भूमिका.

म्हणजे अखेरचा शब्द वाचकाचा, हे महाजालाच्या प्रमाणकात गेली पंचवीसहून अधिक वर्षे लिहिलेले आहे. यूजरक्रोम पत्रकातले नियमही याच शिक्क्याच्या बळावर चालतात. कायद्याने दिलेला हा हक्क बजावण्याची साधने मात्र आक्रसत गेली. गूगल क्रोमने २०१४ साली वाचकाचे शैलीपत्रक वापरण्याची अंगभूत सोय काढली. आता एक्स्टेन्शनच्या आडवाटेने पानांपुरते ते साधावे लागते. हक्क कागदावर आणि दार कुलूपबंद, ही अवस्था आपल्या देशात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

येथे आमच्या व्यवसायबंधूंकडे वळतो. १९६७ साली रोलाँ बार्त यांनी लेखकाचा मृत्यू जाहीर केला. आपण तो दरवर्षी एम.ए.च्या वर्गात नव्याने जाहीर करतो. त्याच्या शेकडो वर्षे आधी आपल्याकडच्या काव्यशास्त्राने सहृदय रसिकाला सिंहासनावर बसवले. तेही आपण शिकवतो. अर्थाची निर्मिती वाचक करतो, असे फळ्यावर लिहितो. मग स्टाफरूममध्ये येऊन संगणक उघडतो आणि कोणा दूरदेशीच्या आरेखकाने जी पट्टी ज्या जागी ठेवली, ती तिथेच, त्याच रंगात, निमूटपणे स्वीकारतो. बदलता येते हे ठाऊक नसते. ठाऊक झाले तर तो पोरखेळ वाटतो. वाचकाचे सार्वभौमत्व हे फक्त प्रश्नपत्रिकेतले वाक्य आहे काय? अंगवळणी पडलेली मांडणी ही निसर्गाची देणगी वाटू लागते. ती कोणीतरी, काही हेतूने, आपल्या वतीने घेतलेला निर्णय आहे, हे ओळखणे म्हणजेच चिकित्सक वाचन. कादंबरीतल्या निवेदकाच्या बाबतीत आपण ते ओळखतो. पडद्याच्या बाबतीत ओळखत नाही. वर म्हटले की दोन्ही पक्षांची चूक एकच आहे; ती ही. दोघेही मूळ मांडणीला अंतिम मानतात. एक ती आपण केली म्हणून, आणि दुसरा ती दिसतच नाही म्हणून.

मराठी वाचकाला तर हा प्रश्न परक्यांपेक्षा अधिक जवळचा आहे. रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या अरुंद पट्टीत देवनागरीच्या मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकार दाटीवाटीने उभे राहतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेचे आणि अक्षरवळणांचे प्रमाणीकरण केले. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' कसे असावेत हे त्यात ठरले. पण कागदावर ठरलेले वळण पडद्यावर येते ते टंकातून. ग्नोममध्ये आपण मराठी वळणाचा टंक निवडला तर डेस्कटॉपशी नाते राखणाऱ्या न्याहाळकाचे मेनूही तो टंक उचलतात, आणि पानांतल्या देवनागरीसाठी स्वतंत्र टंक नेमण्याची सोय फायरफॉक्सच्या मांडणीत आहे. जो न्याहाळक यजमानाचे ऐकतो तो मराठी घरात मराठीसारखा दिसू शकतो. जो फक्त आपल्या कारखान्याचे ऐकतो, त्याच्या कारखान्यात आपल्या 'ल'ची कोणाला पर्वा असेलच असे नाही.

आणि केवळ 'ल'चीच गोष्ट नाही. आम्हांला हसलेल्या सरांचीच गोष्ट सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर काही आठवडे पांढऱ्या पट्ट्या डोळ्यांत खुपत आणि दहा उघड्या टॅबांतला चालू टॅब कोणता ते कळत नसे. आजच्या फॅशनीत सगळे सपाट आणि फिके. उघडा टॅब आणि मिटलेला टॅब यांच्यात एका छटेचा फरक. सर रोज चुकीचा टॅब बंद करून लिहिलेला मजकूर घालवीत आणि स्वतःच्या वयाला दोष देत. आम्ही त्यांच्या पत्रकात सहा ओळी लिहिल्या. डेस्कटॉपवर चालू खिडकीला जो गडद निळा रंग त्यांनी निवडला होता, त्याच रंगाची जाड रेघ चालू टॅबखाली आणली. पट्टीची उंची वाढवली, टंक मोठा केला. चुका थांबल्या. सर अजूनही त्याला मॅचिंग सेंटरच म्हणतात, म्हणोत बापडे. पण इतके दिवस ते ज्याला आपल्या वयाचा दोष समजत होते, तो त्या सहा ओळींच्या अभावाचा दोष होता, एवढे त्यांनी मान्य केले आहे.

आमच्या म्हणण्याला मर्यादा आहेत, त्या आम्हीच सांगतो. पत्त्याच्या पट्टीतले कुलपाचे चिन्ह आणि धोक्याच्या सूचना झाकणारी सजावट करू नये. तेथे रूप हा सुरक्षिततेचा भाग असतो. नव्या आवृत्तीत चौकटीतल्या भागांची अंतर्गत नावे बदलली की आपले नियम निकामी होतात. ती डागडुजी आपण करायची, त्याची तक्रार घडवणाऱ्यांकडे न्यायची नाही. २०१९ च्या पत्रातले जे म्हणणे रास्त आहे, त्याची ही भरपाई. स्वातंत्र्य मागायचे आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा, हे आम्हांला मान्य नाही.

मागणी दोनच. घडवणाऱ्यांना : दार सताड उघडे ठेवू नका हवे तर, पण भिंत बांधू नका. ती नोंद ठेवा, ते पत्रक ठेवा, आणि जमल्यास तिच्या नावातला तो 'लेगसी' शब्द त्याच्या शब्दकोशातल्या अर्थाने वाचा. व्यवसायबंधूंना आणि विद्यार्थ्यांना : एकदा ते पत्रक उघडा. एकच नियम लिहा. पट्टीचा रंग बदला, टंक दोन घरे वाढवा. नाही आवडला तर पुसून टाका. ज्या चौकटीतून रोज वाचता ती कोणीतरी बांधली आहे आणि तुम्हांला ती हलवता येते, एवढे बोटांना कळले तरी वाचनसिद्धांताचा एक तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.

राहता राहिला अद्वैताचा प्रश्न. तुमचे मेज मिथ्या, आमची चौकट तेवढी खरी, असे सांगणारे अद्वैत आम्हांला नको. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपासून, त्याच्या मेजावरून, त्याच्या लिपीतून सुरू होणारे आणि न्याहाळकाला आपल्यात घेणारे अद्वैत असेल, तर त्यासाठी एक महिरपी कंस पुनःपुन्हा तपासण्याची आमची तयारी आहे. उत्तरपत्रिका थोड्या उशिरा तपासल्या जातील. असो.